पिठ्या ढेकूण दर दोन महिन्यांनी परत येतो : सर्वांसाठी खुल्या असलेल्या हरितगृहातील समस्या निवारण

समस्या अशी आहे. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या हरितगृहात पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग हा झाडाचा रस शोषणारा मेणकट पांढरा किडा, दिसतो, फवारणी केली जाते, दोन-तीन आठवडे पाने स्वच्छ दिसतात, आणि मग एखाद्या सोमवारी सकाळी कॉफीच्या रोपाच्या बेचक्यांत किंवा हॉया या वेलाच्या पानांच्या देठाशी कापसासारखे तेच बारीक पुंजके पुन्हा बसलेले आढळतात. त्यानंतर औषध बदलले जाते, मात्रा थोडी वाढवली जाते, दुकानदाराला दोन शब्द सुनावले जातात, आणि दोन महिन्यांनी सर्व काही पहिल्यापासून सुरू होते. मी ज्या हरितगृहाची देखभाल पाहते तेथे हा प्रकार जवळपास दोन वर्षे चालला. हे हरितगृह दुपारी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी, शनिवारी बाहेरच्या लोकांसाठी आणि आठवड्यातील तीन सकाळी स्वयंसेवकांसाठी उघडे असते, आणि मिलीबगच्या बाबतीत ही माहिती औषधाच्या नावापेक्षा अधिक महत्त्वाची ठरली. औषध कमी पडणे हे मुख्य कारण नव्हते. कीड जेथे राहत होती तेथे आम्ही पाहत नव्हतो, आणि ती ज्या वाटेने फिरत होती त्या वाटेवर आमचेच हात, पाइप आणि कुंड्या होत्या.

पांढरे दिसते ते सगळेच पिठ्या ढेकूण नसते

पहिली चूक ओळखण्यात होते. आमच्या फॉगरला (हवेत धुक्यासारखे पाणी सोडणाऱ्या यंत्रणेला) बोअरचे पाणी येते आणि ते चांगलेच जड आहे, त्यामुळे मार्च ते मे या काळात, जेव्हा फॉगर दिवसभर चालू-बंद होत असतात, तेव्हा पानांवर क्षारांचे पांढरट ठिपके उठतात. एका नव्या स्वयंसेविकेने हे ठिपके पाहून क्रोटनची अख्खी रांग कीडग्रस्त म्हणून बाजूला काढली होती, आणि तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता, कारण चार हातांवरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. अशा वेळी ठिपक्यावर लिंबाच्या रसाचा एक थेंब ठेवावा. क्षार असेल तर तो थोड्या वेळात सुटतो आणि बोटाने पुसला जातो. पुंजका किडीचा असेल तर थेंब त्याच्यावर टिकतच नाही, अळवाच्या पानावरून पाणी घरंगळावे तसा घरंगळतो, कारण ते आवरण मेणाचे असते. काडीच्या टोकाने तो पुंजका उलटवला की खाली तीन-एक मिलिमीटर लांबीची, लंबगोल, फिकट गुलाबी किंवा पिवळसर मादी दिसते आणि भिंगातून पाहिल्यास तिचे पाय संथपणे हलताना दिसतात.

निवडुंगाच्या बाकावर आणखी एक परीक्षा करावी लागते. पुंजका पांढऱ्या कागदावर चिरडावा. डाग फिकट पिवळा किंवा नारिंगी उमटला तर तो पिठ्या ढेकूण समजावा. गडद किरमिजी उमटला तर तो कोचिनिअलचा किडा आहे. (किरमिजी हा शब्दही मुळात रंग देणाऱ्या अशाच एका किड्याच्या नावावरून आलेला आहे.) भारतात १७९५ साली कापड रंगवण्याच्या हेतूने हा किडा आणला गेला तेव्हा हवी ती जात सोडून दुसरीच आली, तिचा रंग निकृष्ट निघाला, पण तिने माजलेला निवडुंग मात्र फस्त केला. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की हा किडा फड्या निवडुंग आणि त्याचे भाऊबंद सोडून कॉफीवर किंवा ऑर्किडवर जात नाही. त्यामुळे तो दिसल्यास त्या एकाच कुंडीची व्यवस्था लावावी, संपूर्ण हरितगृह बंद करण्याचे कारण नाही.

जास्वंद, चाफा किंवा पपईच्या रोपावर पिवळसर अंगाचा मिलीबग असेल तर त्यातील दोन माद्या ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाकून ती कुपी दोन दिवस खिडकीत ठेवावी. त्या निळसर काळ्या पडल्या तर तो पपईवरचा मिलीबग, म्हणजे पॅराकॉकस मार्जिनेटस, असण्याचा संभव दाट असतो. हा परदेशी किडा भारतात २००८ साली कोइंबतूरला प्रथम आढळला आणि २०१० मध्ये त्याच्यावर जगणाऱ्या बारीक परजीवी गांधीलमाश्या पोर्तो रिकोहून आणून सोडण्यात आल्या. त्यामुळे बाहेरच्या पपईवर तो एरवी पुष्कळसा आटोक्यात राहतो. आतमध्ये मात्र आमच्याच फवारण्यांनी त्या माश्या मरतात. पाठीवर काळसर खुणांच्या दोन ओळी असलेला मिलीबग दिसला तर तो बहुधा कपाशीवर येणारा फेनाकॉकस सोलेनोप्सिस असतो, आणि अशा वेळी आधी हरितगृहाच्या मागच्या बाजूचे गाजरगवत पाहावे, कारण त्याचे ते आवडते ठिकाण आहे. आमच्या मागच्या भिंतीलगत, शीतकरणासाठी भिजत्या राहणाऱ्या पॅडच्या अगदी खाली, गाजरगवत कमरेएवढे वाढले होते, आणि तेथूनच पंखे हवा आत ओढत होते. अगदी लहान पिल्ले वाऱ्याबरोबरही वाहून येतात, हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. पण त्या भिंतीमागे जाऊन कोणी पाहिले नव्हते.

ओळखण्यातील सर्वांत महाग पडलेली चूक अजून सांगायची आहे. क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझिएरी हा लहानसा भुंगा पिठ्या ढेकणाचा मोठा शत्रू आहे; ऑस्ट्रेलियातील हा कीटक भारतात १८९८ सालीच आणला गेला होता आणि आता तो जैविक कीडनियंत्रणाच्या प्रयोगशाळांत वाढवून विकला जातो. आम्ही हे भुंगे आणून एका संध्याकाळी कॉफीवर आणि हॉयावर सोडले. प्रौढ भुंगा काळा, डोके व मागचे टोक नारिंगी, त्यामुळे तो ओळखू येतो. त्याची अळी मात्र पांढऱ्या मेणाच्या झुलपांनी झाकलेली असते आणि पाहणाऱ्याला ती हमखास "मोठा मिलीबग" वाटते. दोन आठवड्यांनी सकाळच्या पाळीतील स्वयंसेवकांनी मला अभिमानाने सांगितले की त्यांनी कापसाच्या बोळ्यांनी मोठे-मोठे मिलीबग वेचून मारले. ते सर्व आम्ही पैसे देऊन आणलेले राखणदार होते. आता बाकाजवळ एक साधा कागद लावलेला आहे : अंगावरचे धागे लांब आणि विस्कटलेले असतील, लांबी सेंटीमीटरभर असेल आणि काडी लावताच ती चपळाईने पळत असेल तर ती अळी आहे, तिला हात लावू नये; मिलीबग ठेंगणा असतो आणि हलला तरी रेंगाळत हलतो. त्याच कागदावर खाली लिहिले आहे की फुगलेले, तपकिरी आणि कडक झालेले मिलीबगही खरवडू नयेत, कारण त्यांच्या आत परजीवी माशी वाढत असते.

तो परत का येतो

मादी कापसासारख्या पिशवीत तीनशे ते सहाशे अंडी घालते, आणि २५ ते ३० अंश तापमानात साधारण महिन्याभरात तिची पिल्ले स्वतः अंडी घालण्याच्या अवस्थेला पोहोचतात. अंड्यांना पिशवीचे मेण राखते, मोठ्या माद्यांना त्यांच्या अंगावरचे मेण राखते. नुकतीच बाहेर पडलेली, पिवळसर, टाचणीच्या टोकाएवढी पिल्ले तेवढी फवाऱ्याला सहज बळी पडतात. म्हणजे एका फवारणीने जे मरते ते त्या दिवशी उघड्यावर फिरणारे असते, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत उरलेली अंडी फुटून नवी पिल्ले निघतात, तेव्हा आपण निश्चिंत असतो. आमचा "दोन महिने" हा हिशेब योगायोगाचा नव्हता : एक पिढी आमच्या नजरेआड वाढत होती आणि दुसरी आमच्या नजरेस पडत होती.

बाहेरच्या बागेत जून लागला की पावसाचा मारा पुष्कळ पिल्ले धुऊन काढतो. हरितगृहात पाऊस पडत नाही.

ती एक पिढी नेमकी कोठे वाढत होती, याचा शोध मला एका कुंडीने लावून दिला. कॉफीचे रोप मोठ्या कुंडीत हलवायचे म्हणून मी ते आडवे केले, तेव्हा तळाच्या भोकाभोवती, प्लॅस्टिकच्या कुंडीच्या काठाची जी आत वळलेली घडी असते तिच्या आत, आणि कुंडी ज्या लोखंडी जाळीवर ठेवली होती तिच्या खालच्या बाजूस अंड्यांच्या पिशव्या ओळीने चिकटलेल्या होत्या. वरची पाने आदल्याच आठवड्यात फवारलेली, चकचकीत. त्या दिवशी आम्ही त्या बाकावरील सर्व कुंड्या उचलून पाहिल्या आणि निम्म्याहून अधिक कुंड्यांच्या तळाशी तेच चित्र होते. शेजारच्या बाकावरचे दोन ॲडेनियम कुंडीतून काढले तेव्हा मातीच्या गोळ्यावर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पिठासारखा निळसर पांढरा थर होता. तो मुळांवरचा मिलीबग, पानावर कधीच न दिसणारा. पाणी घालूनही रोप मलूल राहते, वाढ थांबते, आणि माती पाणी शोषून घेईनाशी होते, एवढीच त्याची वरून दिसणारी लक्षणे.

दुसरे कारण मुंग्या. पिठ्या ढेकूण रस शोषताना जो चिकट गोड स्राव टाकतो त्यासाठी मुंग्या त्याला गुरासारख्या सांभाळतात, त्याच्या शत्रूंना हाकलतात आणि पिल्ले उचलून दुसऱ्या रोपावरही नेतात. त्याच स्रावावर पुढे काळी बुरशी चढते. ज्या बाकाच्या पायावरून मुंग्यांची रांग चढत असे त्या बाकावर सोडलेले भुंगे टिकत नसत, आणि हे लक्षात यायला आम्हाला एक पूर्ण हंगाम लागला.

आता माणसांविषयी. हे लिहिताना कोणाच्या आस्थेवर शिंतोडे उडवण्याचा हेतू नाही, कारण हे हरितगृह चालते ते याच आस्थेवर. परंतु शनिवारी येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी घरची कुंडी घेऊन येतो : गावाला जायचे आहे, घर बदलायचे आहे, किंवा झाड आजारी आहे आणि "तुमच्याकडे जगेल". परिसरातील एका काकूंनी बारा वर्षे सांभाळलेले ॲडेनियम अशाच प्रेमाने आमच्या दारात आणून ठेवले आणि एका विद्यार्थ्याने ते तितक्याच प्रेमाने निवडुंगाच्या बाकावर नेऊन ठेवले. मुळांवरचा मिलीबग आमच्याकडे बहुधा तेव्हा आला. दुसरी वाट पाण्याच्या पाइपची. सकाळच्या पाळीत एकच लांब पाइप सर्व बाकांवरून ओढत नेला जातो. तो कीडग्रस्त पानांना घासून पुढच्या बाकावर जातो आणि सोबत पिल्ले नेतो. कात्री, झारी, कपड्यांच्या बाह्या, प्रात्यक्षिकासाठी पाने तोडणारे वीस-पंचवीस हात, या सर्वांची गोष्ट तीच.

तिसरी वाट अधिक नाजूक होती. संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रयोगाच्या कुंड्यांवर "फवारणी करू नये" अशी चिठ्ठी असते, आणि ती योग्यच असते, कारण औषधाने त्यांची निरीक्षणे वाया जातील. पण आम्ही चहूबाजूंनी फवारत असताना कोपऱ्यातील कोलियसच्या त्या चाळीस कुंड्या कीडीसाठी माहेरघर झाल्या होत्या. त्यातून त्या कोलियसला नत्र भरपूर मिळत होते. अधिक नत्राने लुसलुशीत झालेल्या झाडावर पिठ्या ढेकूण अधिक अंडी घालतो, हे कोलियसवरच तपासले गेलेले आहे. आमचे काही स्वयंसेवक "झाड हिरवेगार दिसावे" म्हणून दर आठवड्याला खताचे पाणी घालत, त्याचाही परिणाम तोच.

आम्ही कोणत्या क्रमाने गेलो

प्रथम दोन आठवडे फवारणी पूर्ण थांबवली आणि केवळ नोंदी केल्या. एक वही, प्रत्येक बाकाला क्रमांक, दर सोमवारी प्रत्येक बाकावरील पाच कुंड्या उचलून तळ, काठ, बेचके आणि पानांची खालची बाजू पाहणे, आणि जे दिसले ते त्याच क्षणी लिहिणे. हे काम कंटाळवाणे आहे आणि विद्यार्थी ते पहिल्या महिन्यानंतर टाळू पाहतात. म्हणून ते प्रात्यक्षिकाचा भाग केले, आणि एक पुंजका शोधला तरी तो गुण मिळण्याजोगा शोध मानला. तीन आठवड्यांत वहीवरून स्पष्ट झाले की अकरा बाकांपैकी चार बाकांवरच कीड सतत असते आणि उरलेल्या बाकांवर ती तेथून जाते.

त्यानंतर काम करण्याची दिशा ठरवली. सकाळची पाळी स्वच्छ बाकांपासून सुरू होते आणि कीडग्रस्त बाकांवर संपते. त्या शेवटच्या चार बाकांना हात लावल्यानंतर कोणीही पुन्हा मागे जात नाही. त्या बाकांची झारी आणि कात्री वेगळी, मुठीला लाल चिकटपट्टी लावलेली. पाइप आता बाकांवरून ओढला जात नाही, वाटेच्या कडेला खुंट्या ठोकून त्यांच्या बाहेरून फिरवला जातो. खर्च जवळजवळ शून्य, आणि माझ्या मते संपूर्ण उपाययोजनेत सर्वाधिक फायदा याच गोष्टीने झाला.

कुंड्यांचे तळ आणि बाकांच्या जाळ्या साबणाच्या पाण्याने आणि ताठ ब्रशने घासल्या. हे एकदा करून भागत नाही. आम्ही तीन आठवडे, दर आठवड्याला एकदा केले. मुळांवरचा मिलीबग असलेल्या रोपांची माती पूर्ण झटकली, मुळे वाहत्या पाण्याखाली धुतली, ॲडेनियम आणि निवडुंग सावलीत चार दिवस कोरडे राहू दिले आणि नव्या माध्यमात, म्हणजे कुंडीत भरायच्या मिश्रणात, लावले. जुने माध्यम खताच्या खड्ड्यात टाकू नये. आम्ही ते ओले करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात सहा आठवडे तापवतो. प्लॅस्टिक काळे वापरू नये, पारदर्शकाखालीच माती जास्त तापते. पावसाळ्यात ही सोय नसते, तेव्हा ते बंद पिशवीत भरून कचऱ्यात द्यावे.

मुंग्यांसाठी आजीच्या स्वयंपाकघरातील उपाय आठवला : जाळीच्या कपाटाच्या चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या. तो उपाय उत्तम चालतो, परंतु जुलैत त्याच वाट्यांत डासांच्या अळ्या झाल्या, आणि डेंग्यूच्या दिवसांत सार्वजनिक जागेत साचलेले पाणी ठेवणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. आता बाकाच्या पायांना रुंद चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा पट्टा लावतो आणि धूळ बसली की नवा लावतो. बाकाचे पाय अडवले तरी भिंतीला टेकलेले एखादे पान किंवा लोंबणारी ठिबकची नळी मुंग्यांना पूल म्हणून पुरते, हे विसरू नये. आमची पहिली दोन आठवड्यांची मेहनत एका मनीप्लांटच्या वेलीने फुकट घालवली. वारुळे जवळ असतील तर साखरेच्या पाण्यात एक टक्का बोरिक ॲसिड मिसळून ते झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डबीत ठेवावे, आणि मुले येतात तेथे ती डबी कुलपाच्या कपाटामागे ठेवावी.

बाहेरून येणाऱ्या कुंड्यांसाठी दाराबाहेर, सावलीत, एक निळी मांडणी ठेवली आहे. तिच्यावर लिहिले आहे : "आपण आणलेले झाड कृपया येथे ठेवावे. सहा आठवड्यांनी ते आत घेतले जाईल, आणि तोपर्यंत आपण येऊन त्याला पाणी घालू शकता." शेवटचे वाक्य मी आग्रहाने घातले, कारण नुसते "आत नेऊ नये" असे लिहिले असता लोक दुखावतात किंवा माळीकाकांची नजर चुकवून कुंडी आत सरकवतात, पाणी घालायला यावे लागले की ते स्वतःच पानाखाली पाहू लागतात. सहा आठवडे म्हणजे साधारण दीड पिढी. त्या मुदतीत लपलेली कीड बहुधा डोळ्यांसमोर येते. हा नियम विभागातील प्राध्यापकांनी सहलीवरून आणलेल्या ऑर्किडलाही लागू आहे, आणि तो पाळून घेणे हे काकूंना समजावण्यापेक्षा अवघड गेले, एवढे नमूद करते.

संशोधकांच्या कुंड्यांबाबत विभागात बसून लेखी ठरले. प्रयोगाच्या कुंड्या बारीक जाळीच्या स्वतंत्र पिंजऱ्यात राहतील, त्यांना पाणी फक्त संबंधित विद्यार्थी घालील, आणि सोमवारच्या पाहणीत तेथे कीड आढळल्यास कापसाच्या बोळ्याने हाताने काढण्याची जबाबदारी त्याचीच असेल. फवारणी त्यांच्यावर होत नाही, पण त्यांच्यामुळे इतरांवरही करावी लागत नाही.

फवारणी करायचीच असेल तेव्हा

बंद छताखाली, जेथे तासाभराने शाळेची मुले येणार आहेत, तेथे शेतातली जहाल कीटकनाशके वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते उघड्या रानात. येथे तर हवा कोंडलेली असते आणि फवारणाऱ्या स्वयंसेवकाच्या अंगावर साधा कुर्ता असतो.

मोजक्या पुंजक्यांसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुरेसा आहे. तो संध्याकाळी वापरावा, आधी एका पानावर वापरून दोन दिवस थांबावे, आणि ज्या रसाळ झाडांच्या पानांवर मुळातच पिठूळ थर असतो, उदाहरणार्थ एकेव्हेरिया, त्यांच्यावर वापरू नये, कारण तो थर पुसला गेला की त्या पानावर पुन्हा येत नाही. अल्कोहोलची बाटली विद्यार्थ्यांच्या हाती देताना जवळपास स्पिरिटचा दिवा किंवा शेगडी नाही याची खात्री करावी.

कीड अधिक असेल तर साबणाचे द्रावण, आणि येथे आमची फसगत झाली होती ती सांगणे आवश्यक आहे. आम्ही वर्षभर कीडनाशक साबण बोअरच्या पाण्यात मिसळून मारत होतो आणि तो "चालत नाही" असे म्हणत होतो. एके दिवशी बादलीत पाहिले तर फेस जेमतेम होता आणि वर दह्याच्या फुटीसारखे पांढरे कण तरंगत होते. जड पाण्यातील कॅल्शियम साबणाला धरून त्याचे न विरघळणारे कण बनवते. पानावर जे जात होते ते जवळजवळ नुसते पाणी होते. आता आम्ही पावसाचे साठवलेले पाणी किंवा प्रयोगशाळेच्या एसीच्या नळीतून गळणारे पाणी वापरतो. आपले पाणी कसे आहे हे पाहायचे असल्यास बाटलीत पाणी आणि थोडा साबण घालून जोराने हलवावे. फेस टिकला तर फवारावे, साका आला तर पाणी बदलावे. धुण्याची पावडर साबणाऐवजी वापरू नये, तिने पाने करपतात.

निंबोळीचे १५०० पीपीएम तीव्रतेचे औषध असल्यास लिटरला ५ मिली, आणि पावसाळ्यात, हवा दमट असताना, व्हर्टिसिलियम लेकॅनी ही कीड मारणारी बुरशी लिटरला ५ ग्रॅम, दोन्ही सूर्यास्तानंतर. व्हर्टिसिलियमला ओलावा लागतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत ती मारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. औषध कोणतेही असो, सात दिवसांच्या अंतराने चार फेऱ्या पूर्ण कराव्यात, आणि दुसऱ्या फेरीनंतर पाने स्वच्छ दिसू लागली तरी थांबू नये. आमच्या वहीत जेवढ्या वेळा कीड परतली, त्यांपैकी बहुतेक वेळा तिसरी फेरी सुट्टीमुळे किंवा परीक्षेमुळे चुकलेली होती. फवाऱ्याचे तोंड खालून वर धरावे. भुंगे सोडले असतील त्या बाकावर यांपैकी काहीही मारू नये, तेथे फक्त मुंग्या अडवाव्यात आणि वाट पाहावी.

अजून सुटलेले नाही ते

ऑर्किडच्या फुगीर खोडांवर जे कोरडे पापुद्रे असतात त्यांच्या आत मिलीबग अजूनही सापडतो. जुने, वाळलेले पापुद्रे चिमट्याने सोलून काढणे हाच उपाय आहे आणि एका झाडाला त्यासाठी अर्धा तास लागतो. तेवढे सबुरीचे हात आमच्याकडे दोनच आहेत, आणि दोन्ही निवृत्त शिक्षिकांचे आहेत. दिवाळीची सुट्टी हा दुसरा कच्चा दुवा आहे. त्या तीन आठवड्यांत केवळ पाणी घालणारे येतात, पाहणारे कोणी नसते, आणि सलग दोन वर्षे नोव्हेंबरच्या अखेरीस कीड वाढलेली दिसली आहे. यंदा वसतिगृहात राहणाऱ्या दोन विद्यार्थिनींनी सुट्टीतील सोमवार वाटून घेतले आहेत.

काही झाडे सोडून द्यावी लागतात. दाराजवळचा मोठा हॉया, ज्याच्या फुलांच्या वासासाठी लोक मुद्दाम संध्याकाळी येत, तो छताच्या कैचीत इतका गुंतला होता की त्याच्या जुन्या वेलींपर्यंत बोळा पोहोचत नव्हता आणि खालच्या बाकांवर वरून सतत पिल्ले गळत होती. आम्ही त्याची कोवळी, स्वच्छ टोके कापून साबणाच्या पाण्यात बुडवून लावली आणि उरलेला वेल जागच्या जागी मोठ्या पिशव्यांत कापून भरला. लावलेल्या कलमांपैकी तीन जगली आहेत. ती निळ्या मांडणीवर आहेत आणि त्यांचे सहा आठवडे पूर्ण व्हायला अजून अकरा दिवस बाकी आहेत.